जांभळं पाणी

हे मी बायकांसाठी लिहिते आहे. पुरुषांनी वाचलं तर हरकत नाही. फक्त वाचून झाल्यावर गादीखाली लपवू नये, घरातल्या बाईच्या हातात द्यावं. माझ्या दुखण्याचं नाव चारचौघांत घेता येत नाही. पोटाचं ऑपरेशन झालं एवढंच राजापेठेत सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावरून कोणी अपेंडिक्स म्हणतं, कोणी गाठ म्हणतं, आणि मी कोणाला दुरुस्त करत नाही. पण माझ्यासारखीच एखादी शिकलेली, स्वच्छतेची हौस असलेली आणि तोंड उघडायला लाजणारी बाई आत्ता कुठेतरी मोरीचं दार लावून बसली असेल. तिला हे कोणीतरी सांगायला हवं.

माझं माहेर अकोल्याचं. वडील याज्ञिकी करत. घरात वडिलांची बालविधवा बहीण होती, गंगूआत्या. तिचं सोवळं अख्ख्या आळीत प्रसिद्ध. ती चुलीत घालायची लाकडंसुद्धा धुऊन घ्यायची, मग ती पेटायची नाहीत, घरभर धूर व्हायचा आणि धुरानं डोळे चोळत आत्या म्हणायची, "धुतलं की शुद्ध झालं, मग जळो न जळो." आम्ही भावंडं पोट धरून हसायचो. हसता हसता आत्या माझ्यात कधी उतरली ते मला कळलं नाही. पुढे मी शिकले, अमरावतीला मुलींच्या शाळेत आरोग्यशास्त्र शिकवायला लागले आणि आत्याच्या विटाळाच्या जागी जंतू आणून बसवले. आमच्या दोघींत फरक एवढाच, की माझ्याकडे चित्रांचं पुस्तक होतं. जंतू म्हणजे शत्रू, दिसला की मारायचा, हे मी मुलींना छातीठोकपणे सांगत असे. चांगलेही जंतू असतात हा धडा त्या पुस्तकात नव्हता, आणि असता तरी मी तो वरवर उरकला असता.

आणखी एक गोष्ट सांगून ठेवते. लहानपणी अकोल्यात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, साथ आली की नगरपालिकेचा माणूस यायचा आणि आमच्या विहिरीत जांभळं औषध टाकायचा. पोटॅश. बादली वर आली की पाणी वांग्याच्या सालीसारखं दिसायचं. वडील म्हणायचे, आता भीती नाही.

बडनेऱ्याचा फलाट

लग्न झालं तेव्हा स्वातंत्र्य मिळून दहाएक वर्षं झाली होती. नवरा वकील, घर राजापेठेत, घरात सासूबाई आणि आम्ही दोघं. स्थळ सांगून आलं तेव्हा मध्यस्थांनी मुलगा निर्व्यसनी म्हणून छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. हे सुपारीसुद्धा खात नसत.

लग्नानंतर कितीतरी दिवस यांनी मला हात लावला नाही. रोज काहीतरी कारण. कोर्टाचं काम आहे, डोकं दुखतं, आज एकादशी. मला वाटलं, मी काळी म्हणून. आरशात बघून मी स्वतःला इतकं टाकून बोलत असे, की शत्रूलाही कोणी बोलू नये.

मग एकदा माहेरी जायला निघालो. अकोल्याच्या गाडीसाठी बडनेऱ्याला थांबावं लागतं. फलाटावर संत्र्यांच्या पेट्या रचल्या होत्या, त्यांच्या आडोशाला बाकावर बसलो. हे पायांकडे बघत म्हणाले, "तुम्हाला एक सांगायचं आहे. ऐकून घ्या, मग वाटलं तर अकोल्याहून परत येऊ नका."

नागपूरला शिकत असताना मित्रांबरोबर एकदा वाईट वस्तीत गेले होते. एकदाच. त्यातून गरमी झाली, म्हणजे उपदंश. आधी एक फोड आला, तो आपोआप बरा झाला, यांना वाटलं सुटलो. लग्न ठरल्यावर अंगावर पुरळ उठलं, तेव्हा अमरावतीत कोणाला कळू नये म्हणून अकोल्याच्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी पेनिसिलीनची इंजेक्शनं दिली आणि लग्न पुढे ढकला म्हणून सांगितलं. पण पत्रिका वाटून झाल्या होत्या. मुहूर्त मोडायचा तर कारण द्यावं लागणार, आणि कारण देता येत नव्हतं. म्हणून लग्न केलं आणि लांब राहिले.

"एकदाच," हे पुन्हा म्हणाले.

"किती वेळा ते मी विचारलेलं नाही," मी म्हणाले. गाडी आली तेव्हा मी उठून डब्यात बसले. चिडले होते, किळस आली होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. मी काळी म्हणून नव्हतं तर.

जेवढं झाकलं तेवढं

अकोल्याला आम्ही दोघंही त्या डॉक्टरांकडे गेलो. आईला सांगितलं, देवदर्शनाला चाललो. म्हातारा फटकळ होता. त्यानं माझंही रक्त घेतलं, ते पुढे चांगलं निघालं. मग म्हणाला, "इंजेक्शनं पुरी झाली आहेत. पण मला यांचं रक्त अधूनमधून बघत राहायचं आहे, निदान दोन वर्षं. तोवर मूल होऊ द्यायचं नाही. रबर वापरायचं. दर वेळेला."

मी खाली मान घालून विचारलं, "ते वापरलं म्हणजे मग भीती नाही ना?"

"जेवढं झाकलं तेवढं वाचलं," म्हातारा म्हणाला. "बाकी अंगावर कुठे फोड, चट्टा दिसला, तर रबर असो नसो, जवळ जायचं नाही. ते रबर आहे बाई, गंडा-ताईत नाही."

उत्तर सरळ होतं. औषध झालेलं होतं, रबर होतं, डोळे उघडे ठेवायचे होते, एवढंच. पण माझ्या डोक्यात 'जेवढं झाकलं तेवढं' हेच बसलं. मग जेवढं झाकलं नाही त्याचं काय, हा प्रश्न मी त्यांना विचारला असता तर उत्तर मिळालं असतं. परपुरुषासमोर याहून जास्त बोलणं मला जमलं नाही.

मूल मला हवं होतं. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या मुली बघायच्या आणि घरी येऊन तिघांचाच स्वयंपाक करायचा, याचा मला पहिल्या वर्षातच वीट आला होता. दोन वर्षं थांबायचं आणि मग निरोगी मूल, हा आमचा करार होता. त्या करारावरच मी यांना माफ केलं.

त्या काळात ते रबर आजच्यासारखं वापरून फेकायचं नसे. जाड असायचं, धुऊन, वाळवून, पावडर लावून पुन्हा वापरायचं. सासूबाईंच्या घरात ते वाळवायचं कुठे? शेवटी यांनी जागा शोधली, वकिलीच्या काळ्या कोटाच्या आत, कपाटात. एकदा कोर्टात खिशातून रुमाल काढताना पावडर सांडली आणि समोरच्या वकिलानं "काय हो, कॅरम खेळून आलात काय?" असं विचारलं. त्या दिवशी घरी येऊन आम्ही दोघं तोंडावर उशी दाबून हसलो. आमच्या संसारात असे दिवसही होते, ते लिहिले नाहीत तर यांच्यावर अन्याय होईल.

मोरी

धुण्याची सुरुवात साध्या पाण्यानं झाली. मग तुरटीच्या. मग मला ती विहीर आठवली. पटकीची विहीर जर चिमूटभर पोटॅशनं शुद्ध होते, तर एवढंसं शरीर का होणार नाही? केमिस्टकडे पोटॅश मिळे, कोणी काही विचारत नसे. घरात एनिमाचं भांडं होतं, खालून रबरी नळी असलेलं. ते मोरीत खुंटीला उंच टांगायचं आणि आतून धुवायचं. पाणी जोरात यावं म्हणून मी खुंटी आणखी वर ठोकून घेतली. सासूबाईंना सांगितलं, ओला टॉवेल टांगायला.

काही महिन्यांनी पोटॅश मला पुळचट वाटायला लागलं. मग दवाखान्याच्या फरशीला वास येतो तसल्या वासाचं जंतुनाशक आणलं. पाण्यात घालून घ्यायचे. आग व्हायची. आग झाली म्हणजे औषध काम करून राहिलं, असं मी स्वतःला समजावायचे. आधी दोघं एकत्र आल्यावर धुवायचे, मग रोज, मग शाळेतून आल्यावरही.

आणि मग जे व्हायचं ते सुरू झालं. अंगावरून पांढरं जाऊ लागलं, वास येऊ लागला, खाज. आज मला माहीत आहे ते कशानं झालं. तेव्हा मला एकच दिसलं, की यांचा रोग मला लागला. म्हणून मी आणखी धुतलं. त्यानं आणखी वाढलं.

एका रविवारी दुपारी सासूबाई देवळात गेल्या होत्या, तेव्हा मी यांना विचारलं, "तुम्ही परत कुठे गेलात का?"

यांचा चेहरा पांढरा पडला. "काय बोलून राहिल्या तुम्ही? शपथ घेऊ का?"

"तुमच्या शपथेचं मी काय करू?"

 हे दुसऱ्याच आठवड्यात स्वतःहून अकोल्याला जाऊन रक्त देऊन आले. माझंही घ्यायला लावलं. दोन्ही चांगली निघाली. मी विश्वास ठेवला नाही, तपासणाऱ्याचं चुकतं म्हणाले. "मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना तरी दाखवा," हे म्हणत, आणि मी म्हणे, "काय सांगू त्यांना? नवऱ्याचं नाव घेऊ?"  तिकडे अकोल्यात माझे वडील खुश. जावई सारखे येतात, आठवणीनं विचारपूस करतात, असा जावई मिळायला पुण्य लागतं, असं ते सगळ्यांना सांगत.

पोटात दुखतं म्हणजे

दोन वर्षं संपायला आली होती. एक शेवटचं रक्त द्यायचं आणि मग आम्ही मोकळे, असं ठरलं होतं. त्याच सुमारास मला पोटात दुखायला लागलं. खाल्लेलं उलटायचं. चालताना वाकावं लागे.

सासूबाईंनी एक दिवस मला मोरीत ओकताना बघितलं आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की मी तो कधी पाहिला नव्हता. "काय गं, दिवस गेले काय? मला काहून नाही सांगितलं?"

मी यांच्याकडे बघितलं, यांनी माझ्याकडे. आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं की दिवस जाणं शक्य नाही. पण का शक्य नाही हे कोणत्या तोंडानं सांगणार? हे म्हणाले, "आई, अजून काही नक्की नाही." सासूबाईंनी तेवढ्याचंच 'हो' केलं. मला शिरा करून घातला. वाकू नको, उचलू नको. शेजारच्या काकूंना कानात सांगितलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत सगळ्या गल्लीला कळलं. ताप आला तेव्हा म्हणाल्या, पहिलटकरणीला अंगात उष्णता, कडकी होतेच. मी कण्हत पडायचे आणि त्या माझे केस विंचरत अंगाई आठवून आठवून म्हणून बघायच्या.

त्या प्रेमानं माझे मोलाचे दिवस गेले. त्यांना दोष देत नाही. त्यांना जेवढं सांगितलं होतं तेवढ्यावर त्या वागल्या. शेवटी थंडी वाजून दात वाजायला लागले, पोट फळीसारखं कडक झालं, तेव्हा यांनी टांगा आणला आणि सासूबाई नको नको म्हणत असताना मला मिशनच्या दवाखान्यात नेलं.

वॉर्ड

डॉक्टरीणबाई नगरकडच्या होत्या, पांढरं लुगडं, चष्मा, हात गार. तपासून म्हणाल्या, "आत पू झाला आहे. उघडावं लागेल." सासूबाई व्हरांड्यात बसल्या होत्या. नर्स बाहेर गेली तेव्हा त्यांनी विचारलेलं मला आतून ऐकू आलं, "मूल वाचेल ना?" नर्स म्हणाली, "मूल नव्हतंच, आजी." 

शुद्धीवर आले तेव्हा पोटाला पट्टा, बाजूनं रबरी नळी, तोंडात कापूस भरल्यासारखी कोरड. मग दवाखान्याचे दिवस. पहाटे झाडूचा आवाज, थर्मामीटर, इंजेक्शन, पेज, इंजेक्शन, ड्रेसिंग, इंजेक्शन. बसायची जागा सुजून दगड झाली होती. ड्रेसिंगची गाडी वॉर्डच्या त्या टोकाला वाजली, की इकडे माझ्या हातांना घाम सुटायचा. पलंग, चादर, भांडी, सगळ्यालाच त्या फरशीच्या औषधाचा वास. तोच वास मी कितीतरी महिने स्वतःच्या अंगात ओतला होता.

शेजारच्या पलंगावर पार्वताबाई होती. नांदगाव खंडेश्वरकडची, शेतावर राबणारी. पाचव्या बाळंतपणानंतर अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलं होतं, त्याचं ऑपरेशन. दुखत असताना हसणारी बाई मी तेवढीच पाहिली.

"काहून रडता मास्तरीनबाई? टाके दुखते का?"

"नाही."

"मंग मनात काही असन. सांगू नका. मले सांगसान तं गावभर होईन, मायाच्यानं पोटात राहत नाई." आणि स्वतःच हसायची, हसताना पोट धरायची.

इंजेक्शनांच्या माऱ्यानं माझ्या तोंडात पांढरे चट्टे आले. जीभ हलवता येईना, पाणी झोंबे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ताक प्या. सासूबाई त्या दिवसांत येत नव्हत्या, आणि यांना कोर्टातून येऊन ताक कुठून सुचणार? पार्वताबाईच्या माणसानं लोटीत ताक आणलं होतं. तिनं माझ्याकडे बघितलं, लोटीकडे बघितलं. "चालन का तुमाले आमच्या हातचं?"

गंगूआत्या असती तर तिनं मला त्याच दिवशी मेली म्हणून समजलं असतं. मी लोटी तोंडाला लावली. थंड होतं. त्या सबंध दुखण्यात मला आवडलं असं एवढंच होतं, म्हणून लिहिते.

विरजण

नळी काढली त्या दिवशी डॉक्टरीणबाई माझ्या पलंगावर बसल्या. पडदा ओढून घेतला. मी आधीच विचारलं, "यांचाच रोग ना? मला आधीपासून माहीत होतं."

"त्यांना काय झालं होतं?"

मी सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा एका बाईला सगळं सांगितलं, बडनेऱ्यापासून मोरीपर्यंत. मोरीपाशी आले तेव्हा त्यांनी चष्मा काढला.

"रोज?"

"रोज. कधी दोनदा."

"भांडं किती उंच टांगलं होतं?"

मी हात वर करून दाखवलं. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मग म्हणाल्या, "तुमच्या यजमानांच्या रोगाचा इथे मागमूस नाही. रक्त चांगलं होतं ना? ते खरंच होतं. त्यांनी औषध पुरं घेतलं, रबर वापरलं, डॉक्टरांनी सांगितलं ते सगळं केलं. त्याचा उपयोग झाला. तुम्हाला तो रोग कधी झालाच नाही."

"मग हे काय?"

"घरी दही लावता ना? विरजण चांगलं असलं की दही आंबट होतं आणि त्यात दुसरं काही वाढत नाही. बाईच्या अंगात देवानं तसंच विरजण ठेवलं आहे. तेही जंतूच. ते आंबटपणा राखतात आणि वाईट जंतूंना पाय ठेवू देत नाहीत. तुम्ही ते रोज मारलंत. मग मोकळ्या जागी भलते वाढले, साधे, आपल्याच अंगावरचे. आणि उंचावरून पाणी सोडून तुम्ही त्यांना वर ढकललंत."

मी विचारलं, "आता?"

"गर्भाशयाच्या दोन्ही नळ्या पुवानं भरल्या होत्या. काढाव्या लागल्या. गर्भाशय आहे, पाळी येईल. मूल होणार नाही."

मला तेव्हा रडू आलं नाही. मी त्यांना म्हणाले, "पण मी आरोग्यशास्त्र शिकवते." किती मूर्खासारखं वाक्य! त्यांनी माझा हात धरला आणि तसाच धरून ठेवला.

बायांनो, इथे थोडं थांबून सांगते. नवऱ्याला असला काही रोग असेल तर त्याला पुरं औषध घ्यायला लावा, स्वतःही तपासून घ्या, आणि रबर वापरायला लाजू नका. त्यानं मला वाचवलं. ते कुठवर पुरतं हेही डॉक्टरांना नीट विचारून घ्या, लाज बाजूला ठेवून विचारा. पण त्यात आपल्या मनाची भर घालू नका. बाहेरून साधं पाणी पुरतं. आत आपलं काही काम नाही. आणि अंगावरून जाऊ लागलं तर मोरीत जाऊ नका, दवाखान्यात जा.

हे लिहिताना माझा हात कापत नाही, कारण हे शिक्षिकेचं लिहिणं आहे. त्या दिवशी पडदा उघडल्यावर मात्र मी भिंतीकडे तोंड करून झोपले आणि मला मरावंसं वाटलं. रोगानं मूल नेलं असतं तर रोगाला शिव्या घातल्या असत्या. यांच्यामुळे गेलं असतं तर यांना जन्मभर बोलले असते. मला बोलायला कोणी उरलंच नव्हतं. दोन वर्षं मी ज्या मुलाची वाट बघत होते, त्याच्याच वाटेवर रोज ते जांभळं पाणी ओतत होते. पार्वताबाईनं विचारलं, "काय म्हने डाक्टरीन?" मी सांगितलं. ती पहिल्यांदाच हसली नाही. जरा वेळानं म्हणाली, "माही धाकटी घेऊन जा बाई. शिकवा तिले. मायापाशी चार राह्यते."

ती सहज बोलली असेल. मी मात्र दोन दिवस त्यावर जगले. भेटीच्या दिवशी तिचा नवरा धाकटीला घेऊन आला. मी पलंगावरून हात पुढे केला तशी ती पोर आईच्या पदरात शिरली आणि जाईपर्यंत तोंड बाहेर काढलं नाही.

घरी

मला सोडणार होते त्या दिवशी हे सकाळच्या गाडीनं अकोल्याहून थेट दवाखान्यात आले. नळ्यांचं मी यांना सांगितलं नव्हतं. डॉक्टरीणबाई सांगते म्हणाल्या होत्या, मीच म्हणाले होते, मी सांगेन.

टांग्यात बसल्यावर हे माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "शेवटचं रक्तही चांगलं आलं. डॉक्टर म्हणाले, संपलं, परत यायचं काम नाही. तुम्ही बऱ्या झालात की मूल होऊ द्यायला हरकत नाही."  लग्न झाल्यापासून हा माणूस माझ्यासमोर मान ताठ करून बसलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी बसला होता.

मी सांगितलं. टांगेवाल्याला ऐकू जाऊ नये म्हणून हळू सांगितलं. सगळं सांगितलं, पोटॅश, भांडं, खुंटी, नळ्या.

यांनी विचारलं, "म्हणजे माझ्यामुळे नाही?"

"नाही."

"थोडंसुद्धा?"

"तुमचं काही त्यात नव्हतं."

मला वाटलं होतं, यांना हायसं वाटेल. हे टांग्याच्या दांडीला धरून बाहेर बघत राहिले. राजापेठ आली तरी बघतच होते. मग म्हणाले, "माझ्यामुळे असतं तर बरं झालं असतं."

दारात सासूबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. दोन शेजारणी ओट्यावर होत्याच. सासूबाईंनी माझ्यावरून तुकडा ओवाळला, पण माझ्याकडे न बघता. ओवाळून झाल्यावर यांना विचारलं, "काय म्हणाली डॉक्टरीण? हिला पुढे लेकरू होईल की नाही, ते सांग. मला खरं सांग."

शेजारणी ओट्यावरून पुढे सरकल्या. मी पायरीवर पोट धरून उभी होते. माझं तोंड उघडलं होतं.

"आई, तिच्यात काही दोष नाही," हे म्हणाले. "माझ्यात आहे. मी अकोल्याला त्यासाठीच जात होतो. मला मूल होणार नाही."

सासूबाई हातात तुकडा घेऊन तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी पुढे येऊन माझ्या दंडाला धरलं आणि "चल माय, आत चल," म्हणून मला पायऱ्या चढवल्या. पुढे मरेपर्यंत त्यांनी मला कधी एक वाकडा शब्द ऐकवला नाही. यांच्याशी मात्र त्या तुटकच वागल्या. गावानं यांना जे म्हणायचं ते म्हटलं, कोर्टातही म्हटलं, आणि यांनी ते ऐकून घेतलं. ते खोटं आहे, असं मी त्या दिवशी पायरीवर म्हणाले नाही, आणि नंतरही कोणापाशी म्हणाले नाही. आज पहिल्यांदा म्हणते आहे, आणि ते ऐकायला सासूबाई नाहीत.